काय ऐकताय सध्या?

आपल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमात नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "मूळचे कुठले?" आणि "इथे किती वर्षं झाली?" उत्तरं मिळाली की गाडी घरांच्या किमती, मुलांची कॉलेजं आणि भारताच्या तिकिटांवर येते. पण गाण्याचं वेड असलेली मंडळी एक तिसरा प्रश्न विचारतात, तोही जरा बाजूला घेऊन: "काय ऐकताय सध्या?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलेला माणूस हातातली चहाची कपबशी विसरतो, असा माझा गेल्या तीस वर्षांचा न्यू जर्सीतला अनुभव आहे.

या तिसऱ्या प्रश्नाला चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. "अहो, हे ऐकाच" असं एका माणसानं दुसऱ्याला सांगितलं आणि त्यातून काय काय घडलं, याच्या काही गोष्टी या अंकाच्या निमित्ताने सांगाव्यात म्हणतो. त्यातली एक गोष्ट आपल्या या अमेरिकेतलीच आहे आणि ती शब्दशः आकाशापलीकडे गेली आहे. पण तिच्याकडे जायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगतात. त्यात मिरवण्याचा भाग किती होता कोण जाणे, पण सोय नक्की होती. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना कुठला तवा कोणाचा, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता! कलकत्त्यातच कारखाना निघाला तो पुढे १९०८ साली.

दहा इंची तव्याच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. ज्या गवयाला नुसता षड्ज लावून स्थिरस्थावर व्हायला पाच मिनिटं लागत, त्याने तीन मिनिटांत रागाची आलापी, बंदिश आणि ताना सगळं उरकायचं! अनेक बुजुर्गांनी नाकं मुरडली. काहींनी मात्र त्या तीन मिनिटांत असं काही भरून ठेवलं, की आजही ऐकताना काही राहून गेलं असं वाटत नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ हे त्यातलं मोठं नाव. किराण्याचे खाँसाहेब आपल्या मिरजेला स्थायिक झाले होते, आणि झिंझोटी रागातली त्यांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही ठुमरी घरोघरी पोचली होती.

घरोघरी म्हणजे तरी कशी? ग्रामोफोन काही सगळ्यांना परवडण्यातला नव्हता. हॉटेलात चहाच्या कपाबरोबर, दुकानाच्या फळीवर उभं राहून, नाहीतर शेजारच्या वकीलसाहेबांच्या दिवाणखान्याच्या खिडकीखाली, असं ऐकणं चालायचं. गदगमधल्या एका शाळकरी मुलाने ही झिंझोटी अशीच दुकानातल्या ग्रामोफोनवर ऐकली आणि तो झपाटला. असं आपल्याला गाता आलं पाहिजे, म्हणून १९३३ साली, अकराव्या वर्षी, तो घरातून पळाला. गुरूच्या शोधात पार उत्तरेपर्यंत भटकून शेवटी पोचला तो कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. मुलाचं नाव भीमसेन गुरुराज जोशी. दुकानदाराने त्या दिवशी दुसरा एखादा तवा लावला असता तर काय झालं असतं, असा विचार मनात आला की मी तो लगेच झटकून टाकतो.

बेळगावजवळच्या सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकळीची गोष्टही अशीच. ग्रामोफोनवर ऐकलेलं मोठमोठ्या गवयांचं गाणं हा पोरगा जसंच्या तसं गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे, आणि नाव पडलं कुमार गंधर्व. पुढे मुंबईत प्रोफेसर देवधरांच्या हाताखाली त्यांनी नक्कल सोडून स्वतःचं गाणं शोधलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण सुरुवात तव्यावरून झाली. आणि बरं का, याच कुमारांनी पुढे 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. एका मोठ्या गवयाने दुसऱ्याचं गाणं रसिकांपुढे ठेवून "यात काय आहे ते बघा" असं सांगणं, ही शिफारशीची मला माहीत असलेली सर्वांत सुंदर तऱ्हा.

जाता जाता एक गंमत. 'अल्बम' हा शब्द गाण्याला चिकटला तो या तव्यांमुळेच. तीन-तीन मिनिटांचे तवे एकत्र ठेवायला जाड पुठ्ठ्याची, फोटोंच्या अल्बमसारखी वही मिळायची. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी आणली. सगळी वही एका तबकडीत मावू लागली, पण नाव अल्बमच राहिलं. आता तर तबकडीही गेली, शब्द मात्र टिकून आहे.

एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि आपल्या रागसंगीताला प्रथमच हातपाय पसरायला जागा मिळाली. इथेही शिफारस आडवी आलीच. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी १९५५ साली पंडित रविशंकरांना न्यूयॉर्कला बोलावलं. त्यांना येणं जमेना, म्हणून त्यांनी आपले गुरुबंधू अली अकबर खाँ यांचं नाव सुचवलं. खाँसाहेब सरोद घेऊन आले, तबल्यावर चतुरलाल. त्याच भेटीत एंजल कंपनीसाठी एलपी झाली, आणि तिच्यात श्रोत्यांना ओळख करून द्यायला खुद्द मेन्युहिन बोलले आहेत. ज्या अमेरिकन माणसाने सरोद कधी पाहिलंही नव्हतं, त्याने ती एलपी विकत घेतली असेल ती मेन्युहिनच्या शब्दावर.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेचा इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्यासारख्यांना दार उघडलं. पहिली मंडळी आली ती खिशात आठ डॉलर घेऊन, कारण परकीय चलन तेवढंच मिळायचं. बॅगेत प्रेशर कुकर, मेतकूट, गोडा मसाला आणि आईने कोंबलेल्या चकल्या. त्यात एलपी कुठे बसणार? जड, शिवाय वाकायची आणि तडकायची भीती. तरी लोकांनी साड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणल्या. ज्याच्या घरी 'गीतरामायण' आहे, बालगंधर्व आहेत, हिराबाई आहेत, त्याच्याकडे शनिवारी पन्नास-साठ मैलांवरून माणसं जेवायला यायची. जेवण निमित्त असायचं! १९६९ साली शिकागोचं महाराष्ट्र मंडळ झालं, मग गावोगावी मंडळं निघाली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. या संस्थांचा इतिहास आपण स्मरणिकांमध्ये अनेकदा वाचलाय. मला नेहमी वाटतं की निम्म्या मंडळांची पायाभरणी अशाच एखाद्या रेकॉर्ड प्लेअरभोवती, जमिनीवर सतरंजी टाकून झाली असणार.

कॅसेट आली आणि हे वेड खऱ्या अर्थाने पसरलं. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बाजारात आणली होती, पण आपल्या घरांत तिचं राज्य सत्तर-ऐंशीच्या दशकांत आलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला एक अख्खी एलपी मावते, हे गणित त्या काळातल्या प्रत्येक रसिकाला पाठ होतं. भारतात जाऊन आलेला माणूस पुण्याच्या अलूरकरांकडून काय काय घेऊन आला, याची चौकशी विमानतळावरून घरी पोचण्याआधीच सुरू व्हायची. कॅसेटवर चुकून दुसरं काही टेप होऊ नये म्हणून मागच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडायच्या, आणि पुन्हा वापरायची झाली की त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. हे ज्ञान आता कुणाला कामाचं नाही, पण माझी बोटं ते अजून विसरलेली नाहीत.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी एवढी प्रस्तावना केली.

१९७७ साली 'नासा'ची व्हॉयेजर नावाची दोन यानं गुरू-शनीकडे आणि तिथून पुढे सूर्यमालेबाहेर जाणार होती. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही यानांवर एकेक तबकडी ठेवायचं ठरवलं. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, बारा इंची, सोबत पिनही. यान कधी काळी कुणाच्या हाती लागलंच, तर पृथ्वीवर कोण राहत होतं हे त्यांना कळावं. तिच्यात पंचावन्न भाषांतली अभिवादनं आहेत, आणि त्यांत आपली मराठीही आहे. सुमारे दीड तासाचं संगीत आहे, सत्तावीस तुकड्यांत. बाख, बेथोव्हन, मोझार्ट, लुई आर्मस्ट्राँग, चक बेरी, जावाचा गामेलान, आणि भारतातून फक्त एक.

विचार करा. सगळ्या हिंदुस्थानातून एकच तुकडा निवडायचा, तोही साडेतीन मिनिटांचा. आपल्या मंडळात हे काम दिलं असतं तर पोटसमित्याच तीन झाल्या असत्या!

ती निवड झाली रॉबर्ट ब्राऊन यांच्या शब्दावर. हे संगीताचे अमेरिकन अभ्यासक. दक्षिणेत जाऊन मृदंग शिकले, त्यावरच डॉक्टरेट केली, कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात जगभरचं संगीत प्रत्यक्ष शिकवण्याची पद्धत त्यांनी रुजवली. 'वर्ल्ड म्युझिक' हा शब्दप्रयोग रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. माणूस कर्नाटक संगीतात मुरलेला, पण त्यांनी नाव सुचवलं ते सूरश्री केसरबाई केरकरांचं. भैरवी, 'जात कहाँ हो'. भारतीय संगीताचं ध्वनिमुद्रित झालेलं हे सर्वोत्तम उदाहरण, असं त्यांचं मत होतं.

नाव सुचवलं, पण तबकडी मिळेना. बाजारातून ती केव्हाच गेलेली. या प्रकल्पाच्या सर्जनशील बाजूची जबाबदारी असलेल्या अ‍ॅन ड्रुयान न्यूयॉर्कभर शोधत फिरल्या. अखेर लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं घरगुती उपकरणांचं दुकान होतं, तिथे एका घडीच्या टेबलाखाली तपकिरी खोकं सापडलं. त्यात या तबकडीच्या तीन न उघडलेल्या प्रती! बाईंनी तिन्ही घेतल्या. मिक्सर आणि इस्त्र्या विकणाऱ्या त्या दुकानदाराने कधी काळी केसरबाईंच्या तबकड्या मागवल्या होत्या, त्या खपल्या नाहीत, आणि त्याने त्या फेकूनही दिल्या नाहीत. या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण दर दिवाळीला त्याच्या नावाने एक पणती लावायला माझी हरकत नाही.

आता केसरबाईंविषयी थोडं, कारण त्याशिवाय या गोष्टीतली खरी मेख कळणार नाही. जन्म १३ जुलै १८९२, गोव्यातल्या केरीचा. लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडेच शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा मोठ्यांकडे तालीम, आणि शेवटी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं मेहनत. त्यातून तयार झालेली गायकी अशी, की रवींद्रनाथ टागोरांसारखे चाहते लाभले. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान, १९६९ मध्ये पद्मभूषण. पण बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार सावध. आपलं गाणं कुणी उचलू नये, पानाच्या ठेल्यावर ते वाजू नये, ही धास्ती. रेडिओला तर त्यांनी दूरच ठेवलं. शिष्याही जवळपास केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी हा अपवाद. नमिता देविदयाल यांचं 'द म्युझिक रूम' हे २००७ सालचं पुस्तक वाचलं असेल, तर धोंडूताईंनी ही विद्या कशी जपली ते तुम्हाला माहीत असेल.

केसरबाईंची भीती खोटी होती असं मला म्हणवत नाही. वर सांगितलेला सुळेभावीचा पोरगा आठवा. तव्यावरून गाणं उचलता येत होतंच, आणि ज्या विद्येसाठी आपण आयुष्य झिजवलं ती कुणी रस्त्यावरून उचलून न्यावी, हे कोणत्या कलावंताला रुचेल? पण त्याची किंमत आपण मोजतो आहोत. त्या ऐन भरात असताना तासन् तास कशा गायच्या, ते आपल्याला आता फक्त जुन्या लोकांच्या लिखाणातून कळतं. ऐकायला हाती आहेत ते मुख्यतः तीन-तीन मिनिटांचे तवे. आणि ज्या बाईंना आपला आवाज नको त्या कानांवर पडू नये असं वाटायचं, त्यांचाच आवाज माणसाने सर्वांत लांब पाठवला.

व्हॉयेजर-२ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला, व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. अवघ्या अकरा दिवसांचं अंतर. त्या सोन्याच्या तबकडीत केसरबाईंच्या भैरवीनंतर ब्लाइंड विली जॉन्सन या अंध कृष्णवर्णीय गायकाचं गाणं आहे, आणि त्यानंतर बेथोव्हनच्या चतुष्टकातला एक भाग. तिथे संगीत संपतं. म्हणजे शेवटाकडे, मैफलीत भैरवी जिथे शोभते, साधारण तिथेच भैरवी! हे मुद्दाम केलं असेल असं नाही, पण आपल्या कानांना ते बरोबर वाटतं. व्हॉयेजर-१ ऑगस्ट २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याचा प्रदेश ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात शिरलं, व्हॉयेजर-२ नोव्हेंबर २०१८ मध्ये. सूर्य आपल्यापासून जितका लांब, त्याच्या दीडशे पटींहून पुढे व्हॉयेजर-१ गेलेलं आहे. आणि गाण्याचं नाव काय, तर 'जात कहाँ हो'!

मला या गोष्टीत अंतराळापेक्षा तिच्यातली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. एकाने शब्द टाकला, एकीने त्या शब्दावर विश्वास ठेवून शहर पालथं घातलं, आणि एकाने खोकं ठेवून दिलं. यातला एक जरी दुवा तुटला असता तरी केसरबाई तिथे नसत्या. शिफारस करणं म्हणजे एक प्रकारे जामीन राहणं आहे. "हे ऐका" म्हणताना आपण आपल्या कानाची पत पणाला लावतो. आज फोनवर कोट्यवधी गाणी आहेत, आणि पुढचं काय ऐकायचं ते यंत्र सुचवतं. यंत्राची मला अडचण नाही, मीही रोज वापरतो. पण ते मला आवडलेल्यासारखंच आणखी देतं. ज्यांनी भारतीय गाणं कधी ऐकलंही नव्हतं अशांच्या पुढे केसरबाई ठेवायचं धाडस त्याच्यात नाही, आणि "काय हे दिलंत ऐकायला!" म्हणून आपण त्याच्याशी भांडूही शकत नाही.

आता आपल्या घरचं. आमच्या भागातली पहिल्या पिढीची मंडळी मोठी घरं विकून लहान घरांत जाऊ लागली आहेत. दोन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ स्नेह्यांचं बेसमेंट आवरायला आम्ही चौघे गेलो. एलपींची तीन खोकी आणि कॅसेटचे बूट-बॉक्स किती ते मोजले नाहीत. मुलं चांगली, समजूतदार, पण त्यांना ते सगळं कुठे द्यायचं हे उमजेना. देणगीच्या दुकानाची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. आम्ही खोकी उघडली, तर प्रत्येक कव्हरच्या आत वहिनींच्या बारीक अक्षरात चिठ्ठी. ही कुणी दिली, कधी ऐकली, काय आवडलं. 'कॉल ऑफ द व्हॅली'वर लिहिलं होतं की ही अमुक वहिनींनी डोहाळजेवणाला दिली, आणि बाळ रडायला लागलं की संतूर लावायचं. १९६७ सालची ही एलपी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची, तबल्यावर माणिकराव पोपटकर. ज्या बाळासाठी ते संतूर लागायचं तो पन्नाशीकडे झुकलेला मुलगा तिथेच उभा होता. त्याने चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, कारण त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. गाडीवाल्याला त्याने रात्रीच फोन करून नको म्हणून सांगितलं.

मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने तवे जमवणाऱ्यांना एकत्र आणलं, श्रवणसत्रं भरवली, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं. तवा जुन्या बाजारात सापडला तरी तो कुणी, केव्हा गायला, कुठल्या कंपनीने काढला, ही माहिती नसेल तर तो अर्धा मुका असतो, हे त्यांनी ओळखलं. आपल्या बेसमेंटमधल्या खोक्यांचंही तेच आहे. गाणं बहुतेक वेळा आज कुठेतरी ऐकायला मिळतं. वहिनींची चिठ्ठी मात्र जगात एकच असते.

म्हणून आम्ही आता दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जमतो. नियम दोनच. प्रत्येकाने सध्या आवडत असलेला एकच अल्बम आणायचा, आणि तो का आणला हे दोन मिनिटांत सांगायचं. दुसरा नियम कुणीच पाळत नाही. तो पन्नाशीतला मुलगाही येतो. मागच्या खेपेला त्याने जॉन कोल्ट्रेन आणला, आणि नाकं मुरडायच्या तयारीत बसलेले आमचे एक कट्टर जयपूरवाले गप्प झाले, मग म्हणाले, "परत लावा." जाताना त्यांनी त्याला हिराबाई दिल्या.

तुमच्या मंडळात असं काही सुरू करता आलं तर बघा. खर्च चहाचा. आणि घरात जुन्या कॅसेट, एलपी असतील, तर या दिवाळीच्या साफसफाईत त्या बाहेर काढण्यापूर्वी कव्हरच्या आत एकदा बघा. काही लिहिलेलं नसेल तर ज्यांनी त्या आणल्या त्यांना आजच विचारून लिहून ठेवा.

माझं म्हणाल तर सध्या केसरबाईंची ललत ऐकतोय, सकाळी गाडीत. ऑफिस येईपर्यंत ती चार वेळा होते. तुम्ही काय ऐकताय?